हात खिशात घालून वाच

सकाळपासून आलेल्या बहुतेक मुलांनी तेच केलं. संहितेचं पान हातात घेतलं, पहिलं वाक्य म्हटलं आणि उजवा हात मनगटातून लोंबता सोडला. आवाज अर्धी पट्टी वर, मान जराशी तिरकी. कुणी शिकवलेलं नव्हतं. संहितेत तर तशी एकही सूचना नव्हती. तिथे एवढंच होतं की दोन पुरुष, वय अठ्ठावीस-तीस, कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. गीझर बिघडलाय, आणि संध्याकाळी घरमालक करार पुढे वाढवायचा की नाही ते सांगायला येणार आहे. दिग्दर्शिका सगळं ऐकून घ्यायची, वहीत काहीतरी लिहायची आणि म्हणायची, "छान. आता हात खिशात घालून वाच."

हात खिशात गेले की काहींचा अभिनयच संपून जायचा. मग ते नुसते वाचायचे, बातम्या वाचल्यासारखे. आणि एखाद्याचा मात्र तिथूनच सुरू व्हायचा. बँकेत नोकरी करणारा एक मुलगा होता, शर्ट इन केलेला, ऑफिसातून थेट आलेला. हात खिशात गेल्यावर त्याला पहिल्यांदा गीझर दिसला. "मी सांगितलं होतं तुला, शनिवारी माणूस बोलाव म्हणून," हे वाक्य त्याने अशा वैतागाने टाकलं की खोलीतले लग्न झालेले सगळे हसले. त्या एका वाक्यात ते दोघं चार वर्षं एकत्र राहत असल्याचं कळलं. प्रेम-बिम काही बोलावं लागलं नाही.

पुण्यातल्या एका हौशी गटाने पाच छोटी नाटकं बसवायला घेतली आहेत. प्रत्येक पंधरा ते वीस मिनिटांचं, सगळी एलजीबीटीक्यू माणसांची. गटाचं नाव, जागा, माणसांची नावं या लेखात नाहीत. थिएटरची तारीख हातात पडेपर्यंत छापू नका, असं त्यांनी सांगितलं आणि ते मला पटलं. ऑडिशन झाल्या त्या पेठेतल्या एका हॉलमध्ये. एरवी तिथे योगासनांचा वर्ग भरतो. भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पंखा बंद केल्याशिवाय ऐकू न येणारे नट.

मराठी प्रेक्षकाला एकांकिका नवी नाही. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि पुण्यातल्या कितीतरी नटांनी आयुष्यातली पहिली ऑडिशन कॉलेजच्या संघासाठी दिलेली असते. पण पंधरा मिनिटांचं नाटक हे वेगळं प्रकरण आहे. स्पर्धेच्या एकांकिकेत पात्र उभं करायला नटाला थोडी उसंत असते. इथे पडदा वर गेला की माणूस आधीपासून जगत असलेला दिसायला हवा. वेळ कमी म्हटल्यावर नट घाईघाईने खूण लावतो. म्हातारा म्हणजे वाकलेली कंबर, दारुडा म्हणजे जड जीभ, तसा हा लोंबता हात. आणि ही खूण आपल्या नटांकडे तयार असते, कारण ती त्यांनी लहानपणापासून टीव्हीवर पाहिलेली असते. विनोदी कार्यक्रमात पुरुष साडी नेसून येतो, पदर सावरतो, हशा होतो. तो हशा मुलांच्या अंगात मुरलेला आहे. गंभीर संहिता हातात दिली तरी अंग जुनंच उत्तर देतं.

गंमत म्हणजे याच रंगभूमीने एकेकाळी पुरुषाच्या बाईपणाला डोक्यावर घेतलं होतं. ‘मानापमान’ची भामिनी (१९११), ‘स्वयंवर’ची रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याला’ची सिंधू (१९१९). या तिन्ही भूमिका नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या. त्यांचं नेसणं आणि केसात माळणं बघून घरंदाज बायका आपलं नेसणं सुधारत. त्यात हसण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं. पुढे स्त्रिया रंगमंचावर आल्या, ते उत्तमच झालं, पण स्त्रीपार्ट गेला आणि पुरुषाच्या बाईपणाला मागे जागा उरली ती बहुतेक विनोदातच.

ती जागा मोडणारी नाटकं आपल्याकडे झाली, पण मोजकी. सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’ १९७९ चं, थिएटर अकादमीचं. संगीत नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीपार्ट केलेला आणि आता उदबत्त्या विकणारा बर्वे, आणि त्याला खरोखरची बाई समजून बसलेले दोन कारकून. चंद्रकांत काळ्यांनी केलेला बर्वे ज्यांनी पाहिला, ते आजही त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. त्यात हशे आहेत, भरपूर आहेत, पण हसता हसता माणूस अडकतो. कुणाला हसतोय, हे त्याला कळेनासं होतं. ‘नटरंग’ सिनेमामध्ये (२०१०) अतुल कुलकर्णींनी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग तेच उतरवून नाच्या उभा केला. आनंद यादवांच्या कादंबरीतली सगळी वेदना त्या उतरवण्यात आहे. हे दोन्ही संदर्भ दिग्दर्शिकेने ऑडिशनला आलेल्यांना दिले नाहीत. "दिले असते तर सगळे काळे किंवा कुलकर्णी करून दाखवत बसले असते," असं तिचं म्हणणं.

मुलींच्या बाबतीत अडचण उलटी होती. वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या दोघी आठ वर्षांनी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर भेटतात. एकीच्या कडेवर मूल आहे, दुसरी नोकरीसाठी सोलापूरला चालली आहे. गाडी लागायला दहा मिनिटं आहेत. या नाटकाला मुली भरपूर आल्या आणि बऱ्याचजणी जीन्स घालून, केस मागे बांधून, पाय फाकवून बसायची तयारी करून आल्या. सोलापूरला जाणारी म्हणजे ‘पुरुषी’, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. संहितेत तिच्या हातात शिलाई मशीनच्या कव्हरची पिशवी आहे आणि ती साडीला फॉल कसा लावायचा यावर बोलते, हे कुणी वाचलं नव्हतं.

तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहिलं त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. १९८१ साली विनय आपट्यांनी ते बसवलं आणि सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, केली रोहिणी हट्टंगडींनी. पुढच्याच वर्षी जगाने त्यांना ‘गांधी’ सिनेमात कस्तुरबा म्हणून पाहिलं. त्या नाटकात एक जागा अशी आहे की ती प्रत्येक ऑडिशन घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. कॉलेजच्या नाटकात मित्राला पुरुषाची भूमिका मिळते, आणि नायिकेचं काम करणाऱ्या नमाच्या ती प्रेमात पडते. म्हणजे भूमिका वाटपातूनच सगळं सुरू होतं. पुरुषाचा वेश तिला नाटकाने दिला, प्रेम तिचं स्वतःचं. हा फरक नटीला कळला नाही तर मित्रा नुसती मिशा नसलेला पुरुष होते. स्वारगेटच्या नाटकासाठी शेवटी निवडली गेली ती सांगलीहून आलेली, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, दोन्ही वेळा फॉलचंच वाक्य सगळ्यात मन लावून म्हणणारी मुलगी. "तिला फॉल लावता येतो, हे दिसत होतं," दिग्दर्शिका म्हणाली. निवडीचं कारण एवढंच.

छोटं नाटक आणि समलिंगी माणूस यांची गाठ जगात इतरत्रही अशाच चिंचोळ्या जागांमध्ये पडली. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलिया स्ट्रीटवर जो चीनो नावाच्या माणसाने १९५८ साली एक कॉफीचं दुकान काढलं. त्यात आठ फूट लांब, आठ फूट रुंद रंगमंच. चीनो संहिता वाचायच्या भानगडीत पडत नसे. नाटककाराला रास विचारी आणि तारीख देई, अशी त्याची ख्याती. (आपल्याकडे पत्रिका जुळवून लग्नं लागतात, तर नाटक लागायला काय हरकत आहे.) १९६४ साली तिथे लॅनफर्ड विल्सनचं ‘द मॅडनेस ऑफ लेडी ब्राइट’ झालं. उतरत्या वयाचा, एकट्या खोलीत बडबडणारा एक माणूस. नील फ्लॅनगन नावाच्या नटाने तो केला. रंगमंचावर समलिंगी माणूस दाखवणं त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कायद्याने गुन्हा होता, तरी प्रयोग होत राहिले. कॉफीच्या दुकानाकडे कोण बघतंय, असा तो हिशेब.

लंडनची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. १९७५ साली सोहो भागातल्या ऑलमोस्ट फ्री थिएटरमध्ये जेवणाच्या सुट्टीत बघता येतील अशा छोट्या समलिंगी नाटकांचा एक मोसम झाला. तिकिटाला ज्याने त्याने जमेल तेवढे पैसे टाकायचे. त्यात मार्टिन शर्मनचं ‘पासिंग बाय’ होतं. दोन पुरुष भेटतात, जवळ येतात आणि दोघांनाही कावीळ होते. मग अंथरुणात पडून एकमेकांची सेवा आणि चिडचिड. त्यातला एक होता सायमन कॅलो, जो पुढे ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’मुळे जगाला माहीत झाला. त्या मोसमातूनच गे स्वेटशॉप ही नाटकमंडळी उभी राहिली. कावीळ ही त्या नाटकातली खरी हुशारी आहे. आजारी माणूस पोज घेत नाही. आमच्याकडचा गीझर त्याच जातीचा.

आता तो प्रश्न, जो अशा प्रत्येक ऑडिशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर निघतोच. गे माणसाचं काम गे नटानेच करावं का? ब्रिटिश लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी २०२१ साली ‘इट्स अ सिन’ मालिकेच्या वेळी जाहीरपणे तसं म्हटलं आणि भूमिका त्याच धोरणाने दिल्या. ‘फिलाडेल्फिया’तल्या गे माणसाच्या कामासाठी ऑस्कर मिळवलेले टॉम हँक्स २०२२ मध्ये म्हणाले की ते काम आज त्यांनी केलं नसतं, आणि लोकांनीही ते मान्य केलं नसतं. आपल्याकडे २०२३ मध्ये ‘ताली’ ही मालिका आली. दिग्दर्शक रवी जाधव, लेखक क्षितिज पटवर्धन, ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंतांच्या भूमिकेत सुश्मिता सेन. कामाचं कौतुक झालं आणि त्याच वेळी, ट्रान्स नटीला का घेतलं नाही, हाही सवाल झाला.

या गटाचा नियम साधा आहे. कुणालाही काही विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यावं लागणं हाच तर या माणसांचा जन्मभराचा जाच. पुण्यासारख्या गावात, जिथे नाटकवाल्यांचे सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप एकमेकांत मिसळलेले असतात, ऑडिशनच्या खोलीत दिलेलं उत्तर रात्रीपर्यंत बालगंधर्व रंगमंदिराच्या कट्ट्यावर पोचतं. अपवाद फक्त ट्रान्स व्यक्तींच्या भूमिकांचा. तिथे ट्रान्स नटांनाच बोलावलं गेलं. मला हा अपवाद योग्य वाटतो, पण ‘अस्सलपणा’साठी नव्हे. अस्सलपणाचं मला तितकं कौतुक नाही, नट नसलेलं असलेलं करतो म्हणूनच नट. कारण रोजगाराचं आहे. गे मुलगा उद्या ऐतिहासिक नाटकात मावळा म्हणून उभा राहू शकतो. ट्रान्स नटीला तो दरवाजा बंदच असतो. निदान तिच्या नावाचं काम तरी तिला मिळावं.

पण दुसऱ्या दिवशी या सगळ्या शहाणपणाची एका बाईंनी पार उलथापालथ केली. नाटक असं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात एक ट्रान्स स्त्री ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुढे २०१९ च्या कायद्याने त्या ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यायचं ठरवलं. म्हणजे हक्क स्वतःचा आणि शिक्का साहेबांचा. नाटकात टेबलाच्या अलीकडे ती, पलीकडे कारकून. हडपसरकडून आलेल्या या बाई चाळिशीच्या, गडद निळी साडी, कपाळाला मोठं कुंकू. त्यांना अलीकडचं पान दिलं. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं.

"हे तर मी रोजच करते हो. मला तो पलीकडचा द्या."

खोलीत एक क्षण कुणालाच काही सुचेना. मग दिग्दर्शिकेने पान बदललं. बाई खुर्चीत बसल्या, चष्मा नसताना नाकावरचा चष्मा वर सरकवला, समोर कुणी उभं आहे हे न बघता पान उलटलं आणि म्हणाल्या, "झेरॉक्स कुठाय?" पुढची पाच मिनिटं त्या खोलीत महाराष्ट्र शासन बसलं होतं. अरेरावी नव्हती, कुत्सितपणाही नव्हता. होता तो कंटाळा, आणि त्या कंटाळ्यात मधूनच समोरच्याच्या साडीवरून फिरून परत फायलीत जाणारी एक नजर. ती नजर त्यांनी किती वेळा झेलली असेल. माणूस ज्या टेबलासमोर वर्षानुवर्षं उभा राहतो, त्या टेबलाचा त्याच्याइतका अभ्यास कुणाचाच नसतो.

कारकुनाची भूमिका आता बाईची झाली आहे. दोन वाक्यं बदलावी लागली, बस. अलीकडची भूमिका दुसऱ्या एका ट्रान्स मुलीला मिळाली. ती तेवीस वर्षांची, पहिल्यांदाच नाटक करते आहे आणि समोरच्या ‘मॅडम’ना खरोखर घाबरते, हे नाटकाच्या फायद्याचं.

आईच्या भूमिकेची कथा वेगळी. मुलगा समलिंगी असल्याचं कळलेली आई, हे पात्र मराठीत चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’ने असं उभं केलं आहे की त्याच्या सावलीतून बाहेर पडणं सोपं नाही. मोना आंबेगावकरांनी ते एकटीने सादर केलं, ठिकठिकाणी नेलं. त्यानंतर आई म्हटली की रडणं आलंच, असं नट्यांना वाटू लागलं असावं. ऑडिशनला आलेल्या आया सगळ्या रडल्या. चांगल्या रडल्या, राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस मिळावं इतक्या. पण संहितेतली आई भाजी निवडते आहे. मुलगा म्हणतो, रविवारी तो जेवायला येईल. ‘तो’ कोण हे आईला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक आहे हे मुलालाही माहीत आहे. तिचं पुढचं वाक्य, "कांदा-लसूण चालतं ना त्याला?"

हे वाक्य कुणी गदगदून म्हटलं, कुणी पदराने डोळे टिपून. एक काकू आल्या, साताऱ्याच्या, बँकेतून निवृत्त. त्यांनी ते किंचित चिडून म्हटलं. म्हणजे, पाहुणा येणार आणि मला आज शुक्रवारी सांगतोस? दिग्दर्शिकेने वही मिटली. नंतर मी काकूंना विचारलं, हे सुचलं कसं. त्या म्हणाल्या, "सुचायचं काय? जावई पहिल्यांदा आला तेव्हा माझं हेच झालं होतं." त्यांना हे काम करायला घरून काही अडचण? "यांना सांगितलंय, आईचं काम आहे. कुणाची आई, ते प्रयोगाला आले की कळेल."

घरी काय सांगायचं यावर काकूंना हसता येतं, तरुण मुलांना येत नाही. ऑडिशनच्या फॉर्मवर नाव, फोन, अनुभव या रकान्यांखाली आणखी तीन होते. पोस्टरवर कोणतं नाव छापायचं. फोटो लावला तर चालेल का. आणि घरी कोणतं नाटक आहे असं सांगितलंय. शेवटचा रकाना चेष्टेचा नाही. तालमीला उशीर झाला आणि आईचा फोन ग्रुपमधल्या कुणाला आला, तर सगळ्यांनी एकच नाव सांगायला हवं. त्या रकान्यात ‘बालनाट्य’, ‘ऑफिसचं गॅदरिंग’, एका मुलाने तर ‘शिवचरित्र’ लिहिलं होतं.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. त्याआधीच, २०११ पासून, पुण्यात प्राइड मोर्चा निघू लागला होता. २००२ साली समपथिक ट्रस्टचं काम सुरू झालं, बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं आहेत. कायद्याची भीती गेली, हे खरंच. पण ऑडिशनला आलेल्या मुलांना कायद्याची भीती कधी नव्हतीच. त्यांना काकाची भीती आहे. बँकेतल्या त्या मुलाचं, गीझरवाल्याचं, नाव पक्कं झालं होतं. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. बहिणीचं जमतंय, मुलाकडचे लोक सगळीकडे चौकशी करताहेत, पोस्टर बिस्टर दिसलं तर पंचाईत. तो स्वतः गे आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोन्ही बाजूंनी त्याला ते काम सारखंच महाग पडणार होतं. पोस्टरवर नाव घालणार नाही, फोटो नाही, असं सांगूनही तो तयार झाला नाही. त्याच्या जागी आलेला मुलगा बरा आहे. वैताग अजून शिकतोय.

स्पर्शाचा विषय निघतोच. गीझरच्या नाटकात शेवटी एकजण दुसऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, एवढंच आहे. तरी ऑडिशनमध्ये कुणी कुणाला हात लावायचा नाही, टेबलाच्या दोन बाजूंना बसूनच वाचायचं, असं ठरलेलं होतं. कारण एक मुलगा आधीच्या कुठल्याशा ऑडिशनचा अनुभव सांगत होता. तिथे दिग्दर्शकाने ‘मोकळा आहेस का बघू’ म्हणून मिठी मारायला लावली होती आणि बाकीचे मोबाइलवर चित्रित करत होते. या विषयावर नाटक करणारे सगळेच सज्जन असतात, असं मानायचं कारण नाही.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेल्या आहेत. महाराष्ट्रात नाटकाला प्रयोगाआधी हे प्रमाणपत्र लागतं. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणालाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. गटाला तिथून फारशी काळजी वाटत नाही. काळजी आहे ती पाचव्या नाटकाची.

पाचवं नाटक दोन म्हाताऱ्यांचं. निवृत्त शिक्षकाची बायको गेली आहे, तेरावं कालच झालं. जुना मित्र भेटायला येतो. दोघांत पस्तीस वर्षांपूर्वी काही होतं. ते काय, याचा उच्चार नाटकात नाही. दोघं चहा पितात आणि पेन्शनच्या कागदांबद्दल बोलतात. पाचांमधली सर्वात चांगली संहिता हीच, असं माझं मत आहे. शिक्षकाच्या कामासाठी पुण्यातल्या हौशी वर्तुळातला एक मुरलेला नट मिळाला. संहिता वाचून त्यांनी फक्त, "चहा खरा असेल ना?" एवढं विचारलं. मित्राच्या कामासाठी मात्र कुणी नाही. पन्नाशीपुढच्या नटांना फोन झाले. दारुडे, खुनी, बलात्कारी, भ्रष्ट मंत्री अशी कामं हसत केलेली ही माणसं. एकाने गुडघ्याचं कारण दिलं, एकाने मुलीकडे अमेरिकेला जाण्याचं, एकांनी ‘संहिता कमजोर आहे’ म्हणून सांगितलं आणि मग अर्धा तास फोनवर त्या संहितेवर बोलत राहिले, जणू ती पाठ होती. दिग्दर्शिका या शेवटच्यांना पुन्हा फोन करणार आहे. तालमी पाडव्यानंतर सुरू होतील. तोवर कुणी नाही मिळालं तर पंचेचाळिशीचा एक नट केस पांढरे करून उभा करायचा, असं बाकीच्यांचं म्हणणं. तिला ते मान्य नाही.